जीवरामच्या रानातला कापूस

रावेरच्या जीवरामचा राग साधासुधा नव्हता हो, दोन वर्षं जपलेला होता. सदुसष्टच्या पावसाळ्यात बांधाच्या भांडणावरून शेजारच्या झुलालनं त्याची निसवलेली, घड बाहेर पडलेली केळीबाग विळ्यानं आडवी केली. दीड हजार खोडं, घडांसकट! पुरावा कसला मिळतोय? केळीच्या मुलखात सूड असाच घेतात. बायको कुंदाबाई त्या चिखलात बसून रडली आणि जीवरामनं तिथंच ठरवलं, याला रडवल्याशिवाय मरायचं नाही.

त्यानं पुन्हा बाग लावली. पुढं झुलालनंही लावली. जीवराम विळा घेऊन कितीदा तरी बांधापर्यंत गेला आणि तसाच परत आला. स्वतःच्याच भित्रेपणाची त्याला किळस यायची.

एकोणसत्तरच्या मार्चमध्ये रेडिओवर बातमी आली, रशिया आणि चीन नदीतल्या एका बेटावरून भिडले. पारावर जीवराम तडकला, "येवढा मोठा रशिया! चिरडत काहून नही त्याहिले?"

शालिग्राम मास्तर म्हणाले, "चीनकडेही अणुबाँब आहे, जीवराम. रशिया मारेल, पण उलटा एक जरी त्याच्या शहरावर पडला तर? ज्याच्याकडे गमावण्यासारखं आहे, तो जपूनच वागतो."

जीवराम पारावरून उठला आणि घराच्या वाटेवर त्याच्या ध्यानात आलं. सदुसष्टला झुलालच्या रानात नुसता कापूस होता, उलटी कापायला केळी नव्हतीच! म्हणून तर त्या हलकटाची छाती झाली. आणि आपला हात अडतो तो आपल्या बागेपायी.

उन्हाळ्यात त्यानं घड उतरवले, खोडं खणून काढली आणि जूनमध्ये सगळ्या रानात कापूस लावला. कुंदाबाईनं कपाळावर हात मारला. केळी सोडून कापूस? तो रोज संध्याकाळी बांधावर बसायचा आणि झुलालच्या देखत दगडावर विळा घासायचा. बस्स, एवढंच.

कापूस पाहून झुलालला सगळं उमगलं. त्यानं बागेतच खाट टाकली. पान सळसळलं की धडपडत उठायचा. दिवाळीपर्यंत बाग छान निसवली, माणूस मात्र सुकला, डोळे खोल गेले.

एका संध्याकाळी तो बांध ओलांडून आला आणि त्यानं चक्क हात जोडले. "जीवरामभाऊ, कापून टाक ना एकदाची! मले झोपू दे."

जीवरामनं अंगठ्यानं धार पाहिली. दोन वर्षांत पहिल्यांदा त्याच्या जिवाला गार वाटलं.

"कापली तं तू झोपशीन, झुलाल," तो म्हणाला आणि त्यानं पुन्हा दगडावर पाणी शिंपडलं.