दानेश्वरीच्या अंगात आलेला अल्बम

दुपारची जेवणं उरकली की दानेश्वरी खोलीचं दार ओढून घ्यायची आणि ओरडायची. पोटातून, गळ्याच्या शिरा ताणून. तिला ते जमायचं, कारण भिंतीपलीकडे टॉवेलचे माग होते. सोलापुरात मागांच्या शेजारी राहणाऱ्याला शांतता मिळत नाही, पण एकांत भरपूर मिळतो. त्या खडखडाटात शेजारी बसलेल्याचंही बोलणं धड ऐकू येत नाही.

ओरडायची ती गाण्यांबरोबर. मूळची ती वैराग गावची. पुण्यात कॉलेजला असताना होस्टेलवरच्या ऋतुजाने तिला पहिला अल्बम ऐकवला आणि ही बया कामातून गेली. पंक, पोस्ट-पंक, इमो ही त्या संगीताची नावं तिला मागाहून कळली. आधी कळलं ते इतकंच, की ही माणसं सुरात राहायची पर्वा करत नाहीत आणि खोटंही गात नाहीत. मोजक्याच अल्बमांवर तिचा जीव होता. एकात बेस गिटार जड पावलं टाकत पुढे चाललेली आणि गाणारा बंद पडलेल्या गिरणीत एकटाच बोलत बसल्यासारखा. एकात तीन बाया, बेताल आणि बिनधास्त. पण सगळ्यांत लाडका होता तो तळघरात रेकॉर्ड केलेला. तो काढणारी अमेरिकेतली पोरं त्या एका अल्बमनंतर पांगली होती. त्यातल्या सहाव्या गाण्यात गाणारा आधी पुटपुटतो, मग रडकुंडीला येतो आणि शेवटी नुसता किंचाळतो. दानेश्वरी एकही गाणं गाळायची नाही. ती किंकाळी आधीची पाच गाणी ऐकून कमवावी लागते, असं तिचं ठाम मत होतं.

हे मत ऐकायला घरात कुणी नव्हतं. नवरा प्रभुलिंग बियाण्यांच्या कंपनीत, कायम दौऱ्यावर. त्याने एकदा ऐकलं आणि "डोकं दुखत नाही का तुझं?" म्हणून हसला. सासू ईरम्माला तर सून कम्प्युटरवर कंपनीचं काम करते एवढंच ठाऊक होतं.

मग तो मंगळवार आला. दानेश्वरीने न्हाऊन केस मोकळे सोडले होते आणि केसांखाली कानात बिनवायरचे इअरफोन होते. सहावं गाणं शेवटाला आलं, तिने डोळे मिटून तोंड उघडलं आणि नेमकी तेव्हाच वीज गेली. माग एकदम थांबले. गल्ली चिडीचूप झाली. फोन तेवढा बॅटरीवर चालू होता, त्यामुळे दानेश्वरीला यातलं काही कळलं नाही. तिची किंकाळी पार कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत गेली.

तिने डोळे उघडले तेव्हा दारात ईरम्मा हात जोडून उभी होती. समोर घामाने भिजलेली, केस सोडून घुमणारी सून. आता त्या माउलीने दुसरा काय अर्थ लावायचा? ती थरथरत पुढे आली, सुनेच्या कपाळावर कुंकू चोपडलं आणि पाया पडली. "आई, लई वाट बघायला लावलीस की."

इअरफोन काढून दाखवला असता तर तिथेच सगळं मिटलं असतं. पण लग्नानंतरच्या चार वर्षांत त्या बाईने सुनेकडे असं कधी पाहिलं नव्हतं. दानेश्वरीने केस आणखीच कानांवर ओढून घेतले. तिथेच ती फसली.

पुढच्या मंगळवारपासून बायका जमू लागल्या. कुणाचं हरवलेलं मंगळसूत्र, कुणाच्या पोराचा दारूचा नाद. दानेश्वरी काहीबाही पुटपुटायची आणि सहावं गाणं आलं की ओरडायची. बायका खूश होऊन जायच्या. प्रभुलिंग फोनवर म्हणाला, "राहू दे की, आई खूश हाय." खरं सांगायचं तर दानेश्वरीही खूश होती. आता दार ओढायचीही गरज उरली नव्हती.

एका मंगळवारी कस्तुराबाई आली. समोरच राहायची, पन्नाशीची, घरी बसून विड्या वळायची. तिच्या छातीत गाठ होती, हे दानेश्वरीला ठाऊक होतं. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी ऑपरेशन लवकर करा म्हणून बजावलं होतं आणि बाई झाडपाल्याचा लेप लावून बसली होती. दानेश्वरीने तिला दोनदा समजावलं होतं. दोन्ही वेळा उत्तर एकच मिळालं, "तुला काय कळतंय पोरी? सुरी लागली की पसरतंय ते."

आता तीच बाई पायाशी बसली होती. "आई, कापू देऊ का नको? तू म्हनशील तसं."

कानात तिसरं गाणं चालू होतं. खरं सांगावं तर ही बाई म्हणणार, आई आलीच नव्हती, म्हणजे कौल मिळालाच नाही, आणि ती पुन्हा लेप लावत बसणार. खोटं बोलावं तर त्या खोट्यातून कधीच सुटका नाही. आणि ऑपरेशन करताना काही झालं तर? बायका श्वास रोखून बसल्या होत्या. ईरम्मा तोंडाकडे बघत होती. दानेश्वरीला सहाव्या गाण्यापर्यंत थांबायची सवय होती, पण आज तेवढा दम निघेना. चौथं गाणं नुकतंच लागलं होतं आणि ती ओरडली.

"जा! उद्या जा! कापून टाक!"

तो आवाज तिलाही नवा होता. कस्तुराबाईने जमिनीला कपाळ टेकवलं आणि दुसऱ्या दिवशी खरोखरच दवाखाना गाठला. ऑपरेशन नीट पार पडलं. गल्लीत आईचा महिमा वाढला आणि दानेश्वरीने सुटकेचा निःश्वास टाकला.

हा दिलासा फार काळ टिकला नाही. डॉक्टरांनी पुढे सलाइनमधून औषधं घ्यायला सांगितली होती. कस्तुराबाई पहिल्या वेळेला गेली, ओकून ओकून अर्धी झाली आणि पुन्हा जायचं नाव काढेना. डोक्याला पदर घट्ट गुंडाळून ती ओट्यावर बसलेली असायची. दानेश्वरी जवळ जाऊन बसली. "मावशी, हे अर्धवट सोडायचं नसतं. उलट्यांवर गोळ्या असतात, मी बोलते डॉक्टरांशी. मी येते तुमच्याबरोबर."

"नगं गं. आईनं कापाय सांगितलं, कापलं. ह्या सुया कुटं सांगितल्या?"

दानेश्वरी घरी येऊन बसून राहिली. राग कस्तुराबाईचा होता, स्वतःचाही होता. आपल्या तोंडून आलेला शब्द आपला म्हणून कुणाला नको, याची लाज वाटत होती. त्याहून मोठी भीती होती, की पुढच्या तारखेलाही ही बाई अशीच ओट्यावर बसून राहील.

त्या मंगळवारी तिने फोन आणि इअरफोन कपाटात टाकले. कस्तुराबाईला दिलेल्या त्या कौलानंतर तो लाडका अल्बम तिने लावलाच नव्हता. चौथं गाणं लागलं की तिला कस्तुराबाईचाच प्रश्न ऐकू यायचा. पलीकडे माग चालू होते. आज ती मुद्दाम बाहेरच्या सोप्यात सगळ्यांसमोर येऊन बसली. "कस्तुराला बोलवा," ती म्हणाली.

कस्तुराबाई आली, पाया पडायला वाकली आणि पदर डोक्यावरून घसरला. उरलेसुरले केस पुंजक्यापुंजक्याने टाळूला चिकटले होते. दानेश्वरीने तो पदर उचलून पुन्हा तिच्या डोक्यावर ठेवला. बायका वाट बघत होत्या.

मग ती मागांच्या वर आवाज चढवून ओरडली. "डॉक्टर बोलवतील तेवढ्या वेळा जायचं! मी बरोबर येणार!"

कस्तुराबाईने ओल्या डोळ्यांनी वर बघितलं. "व्हय आई," ती म्हणाली, आणि मग ईरम्माच्या कानाशी लागून विचारलं, "आई सोबत येनार म्हनली, मग तुमच्या सुनेला कशाला तरास द्यायचा?"