नसलेल्या बाईचं वाण

उषावहिनी गेल्या, हे मला गिरीजच्या नाक्यावरच्या फलकावरून कळलं. मुलीकडून परतत होतो. रिक्षातून पाहिलं, तर आमचे आमदार पुरुषभर उंच, हात जोडून उभे. आणि त्यांच्या कोपरापाशी पोस्टाच्या तिकिटाएवढ्या माझ्या शेजारीण, वहिनी! खाली लिहिलेलं, ‘पक्षाची कधीही न भरून येणारी हानी.’ अहो, याच पक्षाने त्यांना तीन वर्षांपूर्वी महिला आघाडीतून काढलं होतं...

झालं असं, आमदारांचा चंदनसारला दुसरा संसार आहे, एक मुलगीही आहे, अशी बातमी फुटली. पक्ष पहिल्या दिवशी म्हणाला, विरोधकांचं कारस्थान. दुसऱ्या दिवशी, खासगी बाब. तिसऱ्या दिवशी, अशी बाईच अस्तित्वात नाही! आणि संक्रांत तोंडावर होती म्हणून आमदारपत्नींच्या उपस्थितीत भव्य हळदीकुंकू ठरलं, सुखी कुटुंबाचे फोटो काढायला. यजमानीण वहिनी. वाणाला स्टीलचे डबे, प्रत्येक झाकणावर आमदारांचं चित्र. शहराध्यक्ष सांगून गेले, "ताई, एवढं पार पाडा, नगरसेवकाचं तिकीट तुमचंच." त्या तिकिटासाठी वहिनींनी वीस वर्षं सतरंज्या घातल्या होत्या.

मी मंडपात पंखे लावत होतो. रांगेत एक बाई आली, सोबत दोन वेण्या घातलेली मुलगी. कुजबुज सुरू झाली, हीच ती! बाई शांतपणे म्हणाली, "रिक्षावर भोंगा लावून सगळ्या महिलांना बोलावलंत ना?"

शहराध्यक्ष धावले. "ताई, पक्षाच्या लेखी ही बाई नाहीच!"

"मग मी हळद कुणाला लावतेय?" वहिनी म्हणाल्या. हळद लावली, कुंकू लावलं. डब्यावरचं चित्र नखाने खरवडून काढलं आणि डबा तिच्या हातात दिला. आमदारपत्नींनी तिळगुळाची वाटी मुलीपुढे सरकवली. वहिनी फोटोवाल्याकडे वळल्या, "आता काढ."

तिकीट गेलं, पद गेलं. आमदारांना मात्र उमेदवारी पुन्हा मिळाली, ते निवडूनही आले! मी चरफडलो, "वहिनी, वीस वर्षं पाण्यात घातलीत."

"भाऊजी, दारात आलेल्या बाईला कुंकू न लावता पाठवू?"

तेराव्याला पक्षाचं कुणी फिरकलं नाही. फलक लावला, काम संपलं. आली ती चंदनसारची मायलेक, त्याच डब्यात बेसनाचे लाडू घेऊन. काल वहिनींच्या यजमानांनी तो डबा धुऊन माझ्या हातात ठेवला. "रिकामा परत द्यायचा नाही, ती रागवेल." अजून ‘ती रागवेल’च म्हणतात...

डब्यात आमच्या वाडीतली केळी सुकवून केलेली सुकेळी भरली आहेत. झाकणावर वहिनींच्या नखांचे ओरखडे तसेच आहेत. निघतो चंदनसारला.