हेड मीच खोललं

पाम बीच रोडवर गाडीच्या तापमानाचा काटा लाल रेषेला टेकला तेव्हा गाडी मी चालवत होते आणि नवरा शेजारी बसला होता. गाडी माझीच आहे. बेलापूरच्या एका सरकारी कार्यालयात मी क्लार्क आहे, आणि लग्नाच्या आधी माझ्या पगारातून घेतलेली ही सेकंडहँड गाडी. मी ती कडेला घेऊन बंद केली. बॉनेटमधून वाफ येत होती, मागून पांढरा धूर.

ओढत नेलेल्या गाडीच्या ऑईलचं झाकण गॅरेजवाल्याने फिरवून काढलं. झाकणाला आतून कॉफीसारखा फेस लागला होता.

"हेड गॅस्केट उडालंय, साहेब," तो नवऱ्याला म्हणाला.

मी विचारलं, "फक्त गॅस्केट, की हेडसुद्धा वाकलंय?"

उत्तरही त्याने नवऱ्यालाच दिलं. "साहेब, मॅडमना सांगा, यात आता काय राहिलं नाय. भंगारात काढा. गिऱ्हाईक मी बघतो."

"गाडी माझी आहे," मी म्हटलं.

"बरोबर आहे मॅडम," तो म्हणाला आणि पुन्हा तिकडेच वळला. "मग काय करायचं, साहेब?"

नवरा माझ्याकडे बघत राहिला. तो उरणच्या बाजूला एका कंटेनर यार्डात सुपरवायझर आहे, शांत माणूस. घरी आल्यावर म्हणाला, "विकून टाकू या ना. कशाला टेन्शन?"

"मी बदलणार गॅस्केट."

"म्हणजे, तू?"

"मी."

तो हसला नाही, ते एक बरं केलं. तोवर मी प्लग बदलले होते, ब्रेक पॅड बदलले होते, सगळं मोबाईलवर व्हिडिओ बघून. हेड कधी उघडलं नव्हतं. पण गोष्ट मला कळली होती. इंजिनाचा खालचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामध्ये एक पातळ पॅकिंग असतं. ते जळलं की पाणी ऑईलमध्ये शिरतं. ते बदलायला वरचं सगळं उतरवायचं आणि होतं तसं परत चढवायचं. यातलं बाईच्या हाताला जमू नये असं काय आहे, ते मला कोणी सांगू शकलं नाही.

गाडी ओढत सोसायटीच्या पार्किंगमध्ये आणली, पाने-पकडी बाहेर काढल्या आणि सेक्रेटरी आले. "ताई, इथे गॅरेज नाही चालणार. लोकांच्या तक्रारी येतील."

"कोणाची आली?"

"येतील ना."

मी टेम्पोला दोर बांधला आणि गाडी करावे गावात आईच्या अंगणात नेऊन उभी केली. आई तिथे एकटी राहते, सकाळी बाजारात मासळी विकते. तिने गाडीभोवती एक फेरी मारली.

"आंगनान माजी सुकट हाय. तेलाचा एक थेंब परला त बग."

एवढीच तिची अट. मी गाडीखाली जुनं प्लास्टिक अंथरलं.

सुट्टीच्या दिवशी काम चालायचं. प्रत्येक नळी काढायच्या आधी तिचा फोटो काढायचा. बोल्ट ज्या जागेवरून निघाले त्याच क्रमाने पुठ्ठ्याला भोकं पाडून खोचून ठेवायचे. कुंपणापाशी माणसं थांबायची. शेजारच्या काकांनी तर सरळ विचारलं, "नवरा कुटं हाय हिचा?"

"कामाव गेलाय," आई आतूनच बोलली. "तुला काय पायजे?"

ते गेले.

हेड जड निघालं. एका बाजूने मी धरलं, दुसऱ्या बाजूने पदर खोचून आईने. उचलून पाटावर ठेवलं आणि दिसलं, दोन सिलिंडरांच्या मधोमध गॅस्केट जळून काळं पडलं होतं. मला चक्क आनंद झाला. एवढ्याशा काळ्या पट्टीसाठी माझी गाडी भंगारात जाणार होती.

हेड लेथवाल्याकडे नेलं. त्याने त्यावर लोखंडी पट्टी धरून पाहिलं, थोडं वाकलं होतं. घासून सपाट करतो म्हणाला. मग विचारलं, "खोललं कोणी? त्याला पाठवा, बसवताना काय बघायचं ते सांगतो."

"सांगा. मीच खोललं."

त्याने हेड माझ्यापुढे सरकवलं आणि सांगू लागला. बोल्ट मधल्यापासून कडेकडे आवळायचे, एकदम नाही, थोडे थोडे करून, आणि मोजून. मोजून आवळायचा पाना माझ्याकडे नव्हता. तो नवऱ्याने यार्डातून मागून आणला, मी न सांगता. माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "संध्याकाळी परत द्यायचाय."

नवं गॅस्केट घालून सगळं चढवलं, नवं ऑईल घातलं, रेडिएटर भरला. चावी फिरवली. इंजिन खोकलं, सगळी गाडी थरथरली आणि बंद पडली. परत फिरवली, परत तेच. कुंपणापाशी आता बरीच माणसं होती. चेहऱ्यांवर समाधान होतं.

"गॅरेजवाल्याला बोलवू का?" नवऱ्याने हळूच विचारलं.

"नको."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. रागाचं होतं, ते कोणाला दिसलं तरी मला पर्वा नव्हती.

"बाय, पयली जेव," आई म्हणाली.

काळ्या नखांनीच मी भात-कालवण जेवले. जेवता जेवता डोक्यात एकेक पायरी उलटी फिरवत गेले आणि पट्ट्यापाशी थांबले. इंजिनाचा वरचा आणि खालचा भाग एका तालात फिरवणारा टायमिंगचा पट्टा खुणांवर बसवून मग मी तो ताणला होता. ताणताना सरकला असेल तर? हात धुऊन कव्हर उघडलं. खूण एका दातानं पुढे गेली होती. चूक माझी होती, आणि ती सापडलीही मलाच.

पट्टा परत बसवला. या वेळी इंजिन हातानं दोन फेरे फिरवून खुणा पुन्हा पाहिल्या. चावी फिरवल्यावर इंजिन सुरू झालं. आधी राहिलेल्या पाण्याचा धूर निघाला, मग तोही थांबला. मी काट्याकडे बघत बसले. तो मध्यावर आला आणि तिथेच राहिला. आई दार उघडून शेजारी येऊन बसली. "चल, जेटीपरेंत ने," म्हणाली. रस्ताभर तिने काच खाली ठेवली होती, ओळखीच्या प्रत्येकाला आपण कोण ते नीट दिसावं म्हणून.

आजही वरच्या कव्हरमधून थोडं ऑईल झिरपतं. लोक अजून सांगतात, आता तरी विका. मी विकत नाही.

गाडी सुरू झाली त्यानंतरच्या सोमवारी फाईल पुढे करताना आमच्या साहेबांची नजर माझ्या बोटांवर गेली. "मेंदी उतरली वाटतं?"

"ऑईल आहे, साहेब," मी म्हटलं. "इथे सही करा."