उलट्या ठशाचा पैसा

नागापूरच्या एमआयडीसीत मी प्रेसवर उठावाच्या अक्षरांची पत्र्याची झाकणं काढतो. जुन्या नाण्यांचा नाद आहे, म्हणून विचित्र नाणं दिसलं की ओळखीचे लोक माझ्याकडे येतात. टाकसाळीत छापतानाच चुकलेलं नाणं मोलाचं. नंतर ठेचलेलं, दाबलेलं नाणं म्हणजे नुसतं खराब. कुठलं काय ते मी सांगतो. बहुतेक खराबच निघतात. त्यामुळे तो शब्द माझ्या जिभेवर जरा जास्तच बसला होता.

दिवाळीत पारनेरकडे गावी गेलो. कांद्याचे वाफे बांधताना थोरल्या भावाला तांब्याचा जुना पैसा सापडला होता. एका बाजूला राजाचं उठावाचं डोकं. दुसऱ्या बाजूला, जिथे अक्षरं असायला हवीत तिथे, तेच डोकं, पण आत खोल गेलेलं आणि उलट दिशेला बघणारं.

"बघ की रं नीट," दादा म्हणाला. ओट्यावर चार शेजारी बसलेले. धाकटा येऊन सांगणार, असं त्याने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

पण त्याने पैसा चिंचेने घासून लख्ख केला होता. घासलं की जुन्या नाण्याचं मोल जातं, त्यामुळे ते बघूनच माझं डोकं फिरलं. भिंगातून मिनिटभर बघितलं असेल. "दोन पैसे एकमेकांवर ठेवून व्हाइसच्या पकडीत दाबलेत कुणीतरी. खाली मूळ अक्षरांच्या रेघा दिसतायत. खराब आहे."

"मी लई जनांना सांगितलं हुतं," एवढंच म्हणून त्याने पैसा खिशात टाकला. सवयीने मी फोटो मात्र काढून घेतले होते.

महिन्याभराने कामावर असताना एक झाकण डायमध्ये, ठशाच्या साच्यातच, चिकटून बसलं. त्यामागून आलेल्या झाकणावर त्याचाच ठसा उमटला: अक्षरं आत गेलेली, उलटी. असं झाकण मी शेकडो वेळा रिजेक्टच्या पेटीत टाकलंय. त्या दिवशी ते हातात धरून उभाच राहिलो. टाकसाळीत आधीचं नाणं असंच अडकलं असेल तर?

जेवणाच्या सुट्टीत फोटो मोठा करून बघितला. व्हाइसमध्ये दाबलं असतं तर उठावाच्या बाजूला राजाचं नाक चपटं झालं असतं. नाक शाबूत होतं. केससुद्धा. आणि ज्या रेघांना मी अक्षरं म्हणालो त्या ठशाच्या खाली नव्हत्या, वर होत्या. खोऱ्याचे ओरखडे.

कामात लक्ष लागेना. दादाला तीनदा फोन लावला आणि तिन्ही वेळा कांद्याची चौकशी करून ठेवून दिला. शेवटी सुट्टीच्या दिवशी सकाळचीच एसटी धरली.

अंगणात दादाची नात खेळत होती. गळ्यात काळा दोरा, दोऱ्यात तो पैसा. बरोबर राजाच्या कपाळावर भोक.

"भावजी, तुमीच म्हनलात ना खराब हाय," वहिनी म्हणाल्या. "मग म्हनलं पोरीला दिष्टीला तरी हुईल."

उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. माझं चुकलं, ती टाकसाळीचीच चूक होती, आणि आता मात्र नाणं खरंच खराब झालंय. दादा चिडला असता तर बरं झालं असतं. त्याने पोरीला मांडीवर घेतलं आणि म्हणाला, "भिंग आनलंय का?"

मी भिंग दिलं. भोकाच्या मागे तांब्याची कड बाहेर आलेली दाखवली: हे नंतरचं. मग नाक दाखवलं, ठसा दाखवला. तो बराच वेळ बघत होता. पोर चुळबुळ करत होती. मी ओट्यावर बसत होतो, उठत होतो. जेवायला थांबलो नाही.

हल्ली मी कुणालाच लगेच काही सांगत नाही. आणि दादाला नाद लागलाय. गावातून मिळेल त्या नाण्याचा फोटो पाठवतो. मागच्या महिन्यात एका वाकड्या रुपयाचा पाठवला. आठ दिवस सगळ्या बाजूंनी बघून मी लिहिलं, "खराब आहे."

लगेच उत्तर आलं, "नक्की ना?"

मी पुन्हा फोटो उघडला.