तलवार लग्नाला आली होती

आमच्या वर्गातल्या राजपुत्राला मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा तो एस.टी.च्या टपावरून स्वतःची ट्रंक उतरवत होता. ऐंशीनंतरची ती वर्षं, मी धुळ्यात बी.एस्सी. करत होते. सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांचं संस्थान होतं, म्हणजे कधीकाळी होतं. आता पडकी गढी, थोडी जमीन आणि गावाचे मुजरे, एवढंच शिल्लक.

मी एस.टी. डेपोतल्या मेकॅनिकची मुलगी. प्रॅक्टिकलला आमची जोडी लागली. माझ्या डब्यातली ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी तो न विचारता खायचा आणि मी ‘महाराज, सावकाश!’ म्हणून चिडवायचे. तिसऱ्या वर्षी एकदा भाकरी हातात तशीच धरून म्हणाला, “मला तुझ्याशीच लग्न करायचंय.”

“आधी घास गिळ,” मी म्हटलं. हसले खरी, पण त्या दुपारी माझ्या हातून काचेची नळी फुटली. आवडायचा तो मला. खूप आवडायचा, आता लपवायचं कशाला!

वर्षभर त्याच्या घरचे नाहीच म्हणत राहिले. मग वडील तयार झाले, पण एका अटीवर. राजघराण्यातला मुलगा खालच्या घरी वरात घेऊन जात नाही, त्याची तलवार जाते. नवरीने तलवारीसोबत फेरे घ्यायचे, मग तिला गढीवर नेणार. त्यांच्याकडे कित्येक वर्षांत कुणी असं लग्न केलं नव्हतं. आमच्यासाठी ही रीत मुद्दाम पेटीतून बाहेर काढली.

“एका दिवसाचा तर प्रश्न आहे,” तो स्टँडवर मला समजावत होता.

“माझ्या आबांच्या दारात यायला तुझे पाय झिजतात का रे?”

 तो म्हणाला, “येतो. तलवारीच्या मागे मीच असेन, बघच तू.”

घरी सगळं सांगितलं.  आबा चिंधीने बोटांचं ग्रीस पुसत बसले. मला वाटलं, अपमान गिळतायत.

ठरल्या दिवशी सकाळीच जीप आली. गढीवरचे एक म्हातारे कारभारी उतरले, एक भटजी, ओटीचं सामान घेतलेल्या दोन बायका, आणि लाल कापडात गुंडाळलेली तलवार. मी हळद लावून दारात उभी. गल्लीच्या टोकापर्यंत पाहिलं. दुसरी गाडी नव्हती. तो आला नव्हता.

कारभाऱ्यांनी तलवार पाटावर ठेवली. शेजारच्या बायका खिडकीतून तोंडाला पदर लावून बघत होत्या. आणि नवी टोपी घातलेले माझे आबा त्या लोखंडापुढे हात जोडून उभे राहिले. ते मला बघवेना. डोकंच फिरलं माझं.

“परत न्या ही,” मी म्हटलं. “माणूस येईल तेव्हा पाट मांडू.”

“बाईसाहेब, असं परत नेत नाहीत,” म्हातारे काकुळतीला आले होते. पण न्यावी लागली. आई कपाळावर हात मारून घेत ओरडली, “माय वं! काय करी टाकं तू हाई!”

तो नंतरही आला नाही. महिनाभर कुठल्याही जीपचा आवाज आला की मी उठायचे. पुढच्या वर्षी कळलं, गुजरातेतल्या कुण्या संस्थानिकाच्या दारी वरात घेऊन स्वतः गेला. तिथे बरे गेले पाय!

मला भुसावळला शाळेत नोकरी लागली. लग्न केलं नाही. निवृत्तीनंतर आबा माझ्याकडेच राहायला आले. एका रविवारी त्यांची नखं कापताना मी सहज म्हणाले, “आबा, त्या दिवशी तुमची मान खाली जाऊ दिली नाही. मला तेवढं पुरे.”

त्यांनी हात काढून घेतला.

“मी तयार व्हतू व माय,” ते म्हणाले. “मन्ही मान काय, खाली जाती नि वर येती. तू सुखी ऱ्हायती, आखो काय जोयजे व्हतं माले?” त्यांचे डोळे भरले होते. “तू माले इचारं का नही?”

विचारलं नव्हतं. रोज एका घरात जेवायला बसत होतो, तरी विचारलं नव्हतं.