प्लास्टिकमधला घोडा

मुलुंडला आमच्या चाळीशेजारच्या सोसायटीने हॉलमध्ये मुलांसाठी घसरगुंडी आणि लाकडी घोडा ठेवला होता. सुट्टीच्या दिवशी मी चार वर्षांच्या भाचीला तिथे न्यायचो. हॉल सांभाळणारे काका घोड्यावरचं दुकानातलं प्लास्टिक काढूच देत नसत. "हळू, हळू. नवा आहे ना, नवा!" स्वतःच्या घड्याळाच्या काचेवरचा कागदही त्यांनी तसाच ठेवला होता. वेळ मात्र मला विचारत.

त्या रविवारी भाची प्लास्टिकवरून घसरून पडली. ओठ फुटला. काका धावत आले, मला वाटलं तिला उचलतील. त्यांनी रुमालाने घोड्यावरचं रक्त पुसलं.

"डाग नाही पडला. वाचला, वाचला."

मोठ्यांना उलट बोलायची मला सवय नाही. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, म्हणून आई सारखं जपून वागायला सांगते. पण त्या दिवशी मी ते प्लास्टिक टराटरा फाडलं.

"अरे, अरे, जुना होईल ना तो!"

"होऊ दे, काका. बसायलाच आणलाय ना?"

"मामा, मला बसव," भाची रडत रडतच म्हणाली.

मी तिला बसवलं. काका फाटक्या प्लास्टिकची घडी घालत होते. तिच्याकडे त्यांनी अजून पाहिलं नव्हतं.