जिन्याच्या वळणावरचा चपलांचा स्टँड

जुलैतला रविवार, सकाळचे सव्वानऊ. हजर: मी, तळमजल्यावरच्या काकू, दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेल्या, त्यांचा मुलगा, आणि तिसऱ्या मजल्यावरचे सिंधी शेठ, ज्यांचं उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये पडद्यांच्या कापडाचं दुकान आहे. गैरहजर: वीज, म्हणून लिफ्टही.

आमची बिल्डिंग बदलापुरात, नदीपासून दोन गल्ल्या आत. मागच्या पुरात पार्किंग बुडालं, तेव्हापासून सोसायटीची तयारीची यादी माझ्याकडे आहे. मीटर वर चढवले, दोर, टॉर्च, शिट्ट्या आणल्या. मे महिन्यात तालीमही घेतली. काकूंना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून दोघांनी दुसऱ्या मजल्यावर माझ्या घरी न्यायचं, असं ठरलं होतं. काकू तालमीला आल्याच नाहीत.

"खरं पाणी आलं की येईन. उगाच हाडं कशाला हलवू?"

मग त्यांच्या जागी मी बसले. पार्किंगला एक फेरी झाली. झकास जमलं.

त्या रविवारी पाणी काकूंच्या उंबऱ्याला लागलं. शेठ पुढे, मुलगा मागे, औषधांचा डबा घेऊन मी शेवटी. पहिला मजला पार झाला. दुसऱ्याच्या अलीकडच्या वळणावर खुर्ची अडकली.

"ताई, ये स्टँड किसका है?" शेठनी विचारलं. त्यांना माहीत होतं.

स्टँड माझा. लोखंडी, चार खणांचा, भिंतीत स्क्रूने पक्का केलेला. यादीत 'जिना मोकळा' यापुढे बरोबरची खूण होती, तीही माझीच. स्क्रू ड्रायव्हर होता पंपाच्या खोलीत, म्हणजे पाण्याखाली.

खुर्ची तिरकी केली, उलटी फिरवली. खाली पाणी चौथ्या पायरीवर आलं.

"मला इथेच ठेवा चपलांपाशी," काकू म्हणाल्या. "येणारे-जाणारे पाया तरी पडतील."

"आई, गप बस," मुलगा म्हणाला.

काकूंनी एकदा खाली पाहिलं. खुर्ची टेकवायला लावली, पायरीवर बसल्या आणि हातांवर जोर देत एकेक पायरी मागे सरकत वर गेल्या. नऊ पायऱ्या, मध्ये दोनदा थांबून.

"हे तालमीच्या वेळी का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"विचारलंस कधी? स्वतःच खुर्चीत बसलीस."

पाणी सातव्या पायरीवर थांबलं आणि संध्याकाळी उतरलं. यादीत नवी ओळ घातली: स्टँड काढणे, जबाबदारी माझी. स्क्रू गंजलेत, ड्रिलवाला उद्या येतो म्हणतो. पुन्हा जून लागलाय. काकू लिफ्टने चहाला येतात, तेव्हा मुद्दाम नऊ पायऱ्या उतरून चपला त्याच स्टँडवर ठेवतात.